गोचिडीची लाळ आणि लाइमचा जिवाणू: डॉक्टर ‘किती तास’ असे का विचारतात?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कनेटिकटमध्ये मुलीकडे राहायला गेला असताना सहा वर्षांच्या नातवाला आंघोळ घालत होता. त्याच्या गुडघ्यामागे खसखशीच्या दाण्याएवढा काळपट ठिपका दिसला, तो चोळूनही निघेना, आणि चष्मा लावून पाहिल्यावर त्याला पाय असल्याचे लक्षात आले. डॉक्टरांनी सर्वांत आधी ‘ही किती तास चिकटलेली होती?’ असे विचारले. तुमची शंका अशी की, गोचिडीच्या अंगात लाइम रोगाचा जिवाणू असेल तर तो चावताक्षणीच मुलाच्या अंगात जायला हवा, मग तासांचा हिशेब कशासाठी? आणि गोचिडीची लाळ हा रोग पसरायला मदत करते असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य किती?

मी मूळचा पशुवैद्य आहे. सातारा जिल्ह्यात संकरित गाईंच्या कासेवरच्या आणि कानातल्या गोचिडी काढण्यात माझी नोकरीची पहिली वर्षे गेली. त्यानंतरची वीसएक वर्षे अमेरिकेच्या ईशान्य भागात गोचिडीच्या लाळग्रंथींवर काम करण्यात गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर समजून घ्या.

लाइमचा जिवाणू भुकेल्या गोचिडीच्या तोंडात नसतो, तिच्या आतड्यात असतो. गोचीड रक्त पिऊ लागली की तो जागा होतो, आपले बाह्य कवच बदलतो, आतड्याची भिंत ओलांडतो आणि लाळग्रंथीपर्यंत पोचतो. या प्रवासाला दीड-दोन दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. लाळ मात्र पहिल्या मिनिटापासून त्वचेत उतरत असते. म्हणजे जिवाणू येऊन पोचेपर्यंत लाळेने त्याच्यासाठी रान नांगरून ठेवलेले असते. डॉक्टरांनी तास विचारले ते या दोन वेळांमधल्या अंतरासाठी.

मुळात गोचिडीला इतकी लाळ कशाला लागते, ते समजले की पुढचे सगळे सोपे जाते. डास मिनिटभरात रक्त पिऊन उडून जातो. ईशान्य अमेरिकेतली काळ्या पायांची गोचीड, जिचे शास्त्रीय नाव इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस आहे, ती निम्फ, म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या, अवस्थेत असताना तीन ते पाच दिवस आणि प्रौढ मादी असताना आठवडाभर एकाच जागी बसून राहते. तोंडातल्या दोन करवतींसारख्या अवयवांनी ती त्वचा कापते आणि मागे वळलेल्या दातांची सोंड आत रुतवते. एवढा काळ त्वचेत काटा रुतला तर आपले शरीर गप्प बसत नाही. रक्त गोठते, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून भोक बुजवतात, रक्तवाहिन्या आकसतात, हिस्टामिन आणि ब्रॅडिकायनिन सुटून खाज व वेदना होते, पांढऱ्या पेशी धावून येतात. यातली एक गोष्ट जरी पूर्ण यशस्वी झाली, तरी गोचिडीला उपाशी मरावे लागेल.

म्हणून तिच्या लाळेत या प्रत्येक गोष्टीवर उतारा असतो. गोठणे थांबवणारी प्रथिने असतात. प्लेटलेट्सना एकत्र बोलावणाऱ्या रेणूचे तुकडे करणारे अपायरेज नावाचे विकर असते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन असते आणि वेदना जागवणारे ब्रॅडिकायनिन मोडणारे विकरही असते. तुमचा नातू दिवसभर खेळला आणि त्याला काही जाणवले नाही, हे मुख्यतः या शेवटच्या विकराचे काम आहे. मुलाच्या अंगाला खाज सुटली नाही म्हणून चावा सौम्य होता असे अजिबात समजू नये.

लाळेचे आणखी एक काम आहे, आणि रोग पसरण्याच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. गोचिडीला रक्तातला पोषक भाग हवा असतो, पाणी नको असते. पोटात आलेले रक्त ती आटवते आणि त्यातले जादा पाणी व क्षार लाळग्रंथींमधून पुन्हा त्याच जखमेत सोडते. कठीण कवचाच्या गोचिडींमध्ये असे परत जाणारे पाणी 70 टक्क्यांच्या आसपास असते. थोडा वेळ शोषायचे, थोडा वेळ लाळ सोडायची, असे आळीपाळीने दिवसेंदिवस चालते. त्यामुळे गोचिडीची सोंड हा एकेरी रस्ता नाही. तिच्या पोटातले पाणी आपल्या अंगात येते, आणि त्या पाण्याबरोबर जो कोणी लाळग्रंथीत पोचलेला असेल तोही येतो.

ही लाळ आम्ही प्रयोगशाळेत कशी गोळा करतो, ते सांगतो. सशाच्या अंगावर पाच-सहा दिवस पोसलेली मादी काढून, स्वच्छ धुऊन, काचपट्टीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने बसवायची. तिच्या सोंडेवर केसासारखी बारीक काचनळी सरकवायची, आणि लाळ सुटावी म्हणून पायलोकार्पिन नावाचे औषध द्यायचे. मग ती पट्टी दमट आणि उबदार पेटीत ठेवून वाट पाहायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर काही वेळाने नळीच्या टोकाशी स्वच्छ पाण्यासारखा थेंब चढताना दिसतो. काही तासांनी हाती येतात ते फार तर काही मायक्रोलिटर. तीच मादी नंतर फोडून पाहिली की दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या घडासारख्या लाळग्रंथी दिसतात, आणि भुकेल्या गोचिडीतल्या ग्रंथींच्या तुलनेत त्या कैक पटींनी फुगलेल्या असतात. पहिल्या दिवसाची लाळ आणि चौथ्या दिवसाची लाळ यांतली प्रथिनेही एकसारखी नसतात. गोचीड एक प्रथिन मागे घेते आणि त्याच कामाचे, पण वेगळ्या घडणीचे दुसरे पुढे करते, म्हणजे आपल्या शरीराला एकाची ओळख पटेपर्यंत दुसरे कामाला लागलेले असते.

आता जिवाणूकडे वळू. कनेटिकटमधल्या लाइम या गावाच्या परिसरात 1970 च्या दशकाच्या मध्यात मुलांमध्ये सांधेदुखीचे रुग्ण एकगठ्ठा आढळले, त्यावरून या रोगाला नाव पडले. विली बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये गोचिडीच्या आतड्यात सापडलेल्या मळसूत्राच्या आकाराच्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली, आणि पुढे त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळाले. अंड्यातून बाहेर पडलेल्या गोचिडीच्या डिंभात हा जिवाणू सहसा नसतो. डिंभ पांढऱ्या पायांच्या उंदरासारख्या बाधित प्राण्यावर पहिले जेवण घेतो, तेव्हा जिवाणू त्याच्यात शिरतो. पुढच्या वर्षी तो डिंभ निम्फ होतो आणि वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्यात भूक लागून पालापाचोळ्यात आणि खुरट्या झाडोऱ्यावर येऊन बसतो. तुमच्या नातवाला जी चिकटली ती या अवस्थेतली असणार, कारण प्रौढ मादी तिळाएवढी असते आणि ती लवकर नजरेत येते.

भुकेल्या निम्फच्या आतड्यात जिवाणूच्या अंगावर ओएसपी-ए नावाच्या प्रथिनाचे आवरण असते. आतड्याच्या पेशींवर या प्रथिनाला धरून ठेवणारा ट्रॉस्पा नावाचा ग्राही रेणू (रिसेप्टर) असतो, त्यामुळे जिवाणू तिथे महिनोन्महिने खिळून बसतो. गोचिडीने माणसाचे उबदार रक्त पोटात घेतले की तापमान वाढते, आतड्यातले रसायन बदलते, आणि जिवाणू ओएसपी-ए कमी करून ओएसपी-सी नावाचे दुसरे प्रथिन अंगावर आणतो. 1995 मध्ये ही अदलाबदल उजेडात आली. या काळात त्याची संख्याही झपाट्याने वाढते. निम्फमध्ये हजाराच्या आसपास असलेले जिवाणू 72 तासांत लाखाच्या वर गेल्याचे मोजले गेले आहे. लाळग्रंथीत पोचतात ते मात्र त्यातले अगदी मूठभर, आणि संसर्गाला तेवढे पुरतात.

तासांचे महत्त्व दाखवणारा जुना प्रयोग 1987 चा आहे. बाधित निम्फ उंदीरवर्गीय प्राण्यांवर ठरावीक वेळ ठेवून काढून टाकण्यात आल्या. 24 तासांनी काढल्या तेव्हा 14 पैकी 1 प्राणी बाधित झाला, 48 तासांनी 14 पैकी 5, आणि 72 तास वा अधिक ठेवल्या तेव्हा 14 पैकी 13. डॉक्टरांच्या प्रश्नामागे हे आकडे आहेत. मात्र 24 तासांचा रकाना शून्य नाही, याकडेही लक्ष द्यावे. ‘चोवीस तासांच्या आत काढली, आता काहीच होणार नाही’ असे ठामपणे म्हणणे मला पटत नाही. धोका फार कमी राहतो, एवढेच म्हणता येते. शिवाय हे गणित अमेरिकेतल्या गोचिडीचे आहे. युरोपातली इक्सोडिस रिसिनस ही गोचीड काही प्रकारचे बोरेलिया याहून लवकर पोचवू शकते, म्हणून जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे तास जसेच्या तसे धरू नयेत.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर. लाळ ही जिवाणूची निव्वळ वाहक असती, तर तिच्याऐवजी मिठाचे पाणी असले तरी चालले असते. तसे होत नाही, आणि याचा सर्वांत स्पष्ट पुरावा साल्प-15 या लाळेतल्या प्रथिनाने दिला. येल विद्यापीठातल्या एरॉल फिक्रिग यांच्या प्रयोगशाळेत आधी दिसले की हे प्रथिन सीडी-4 ही खुंटी असलेल्या टी पेशींना, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना, जागे होऊ देत नाही. गोचिडीला ते स्वतःसाठी हवेच असते. पण 2005 मध्ये त्याच गटाने दाखवले की जिवाणूने नुकतेच अंगावर घेतलेले ओएसपी-सी या साल्प-15 ला पकडते. लाळग्रंथीतून बाहेर पडताना जिवाणू गोचिडीचे प्रथिन अंगावर ओढून घेतो आणि त्याच्या आडोशाने त्वचेत उतरतो. प्रतिपिंडे समोर असली तरी त्यांना तो नीट धरता येत नाही. ज्या गोचिडींमध्ये साल्प-15 तयार होणे कृत्रिमरीत्या रोखले, त्या गोचिडींकडून उंदरांना होणारा संसर्ग खूपच घटला. त्याहून विशेष म्हणजे, बाधित गोचिडीत हे प्रथिन अबाधित गोचिडीपेक्षा अधिक तयार होते. जिवाणू मिळेल ते वापरतो एवढ्यावरच हे थांबत नाही. गोचिडीच्या लाळेची घडणही त्याच्या असण्याने बदलते. इतकी वर्षे या कामात घालवूनही मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

साल्प-15 एकटे नाही. आपल्या रक्तात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची एक फळी असते, जी परक्या जिवाणूला ओळखून त्याच्या भिंतीला भोके पाडते. ही फळी उभी राहण्याच्या एका वाटेवर लाळेतली आयझॅक आणि साल्प-20 ही प्रथिने आडवी येतात, तर दुसऱ्या वाटेवर टीएसएलपीआय नावाचे प्रथिन. धोक्याची वर्दी पुढे पोचवणाऱ्या त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशीही लाळेच्या प्रभावाखाली मंद पडतात. परिणामी चाव्याच्या जागी काही चौरस मिलिमीटरचा असा तुकडा तयार होतो, जिथे पहारा जवळजवळ झोपलेला असतो. मूठभर जिवाणू तेवढ्या अवधीत वाढतात, आणि मग त्वचेतून बाहेरच्या बाजूला पसरू लागतात.

लाळेचे काम उलट्या दिशेनेही चालते, आणि रोगाच्या प्रसारासाठी ती दिशा तितकीच महत्त्वाची आहे. अबाधित डिंभ बाधित उंदराला चावतो तेव्हा चाव्याच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी प्राणवायूची दाहक संयुगे सोडतात आणि त्यात जिवाणू मरू शकतात. लाळेतले साल्प-25डी हे प्रथिन ती संयुगे निष्प्रभ करते. ते काढून टाकले की गोचिडीला उंदराकडून जिवाणू मिळण्याचे प्रमाण घटते. उंदराकडून गोचिडीकडे आणि गोचिडीकडून पुढच्या उंदराकडे, अशा दोन्ही टप्प्यांवर लाळ लागते, आणि माणूस या साखळीत अपघातानेच सापडतो.

इथे मर्यादाही सांगितली पाहिजे. सुईने पुरेसे जिवाणू टोचले तर लाळेविनाही उंदीर बाधित होतो. म्हणजे लाळ नसेल तर संसर्गच नाही असे नाही. लाळेमुळे फार थोडे जिवाणू पुरतात, असे म्हणणे बरोबर ठरेल. आणि वर सांगितलेले बहुतेक प्रयोग उंदरांवरचे आहेत. लाळ रोखली की माणसातला लाइम थांबेल, असे सरळ विधान कोणी केले तर ते आजच्या पुराव्याच्या पुढे जाते.

तरीही त्या दिशेने प्रयत्न होत आहेत, आणि त्यामागे जुने निरीक्षण आहे. विल्यम ट्रेगर यांनी 1939 मध्ये दाखवले की एकदा गोचिडी पोसलेल्या गिनीपिगवर पुन्हा गोचिडी सोडल्या तर त्या नीट पोसल्या जात नाहीत, कारण शरीर लाळ ओळखायला शिकलेले असते. गावाकडे काही गाईंवर गोचिडी कमी बसतात हे कोणत्याही अनुभवी गोपालकाला ठाऊक असते. त्याची कारणे अनेक आहेत, पण हे त्यातले एक. ऱ्होड आयलंडजवळच्या ब्लॉक आयलंडवर राहणाऱ्या लोकांमध्येही असे आढळले की ज्यांना गोचीड चावल्यावर वारंवार खाज सुटली होती, त्यांच्यात लाइमचे प्रमाण कमी होते. खाज सुटली की हात तिथे जातो, गोचीड सापडते आणि वेळेत निघते. 2021 मध्ये येलच्याच गटाने लाळेतल्या 19 प्रथिनांची एमआरएनए लस गिनीपिगना दिली. चाव्याची जागा लवकर लाल झाली, गोचिडी अर्धपोटी गळून पडल्या, आणि लालसर जागा दिसताच गोचिडी काढून टाकल्या तेव्हा त्या प्राण्यांना लाइमचा संसर्ग झाला नाही. उंदरांमध्ये मात्र या लसीने तसे संरक्षण मिळाले नाही, म्हणून माणसांच्या बाबतीत आताच आशा लावणे घाईचे होईल. 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली लस वेगळ्या तत्त्वाची होती. तिने तयार झालेली ओएसपी-ए विरोधी प्रतिपिंडे रक्ताबरोबर गोचिडीच्या पोटात जाऊन जिवाणूला तिथेच गाठत, म्हणजे तो लाळेपर्यंत पोचण्याआधीच. ती 2002 मध्ये बाजारातून मागे घेण्यात आली.

तुम्ही शेवटी विचारले आहे की तुमचे माहेर दोडामार्गकडचे असल्याने तिथल्या लोकांनीही असेच तास मोजावेत का. याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात 2015-16 पासून आढळणारा माकडताप हा विषाणूचा रोग आहे, 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात तो प्रथम ओळखला गेला, आणि त्याची गोचीडही वेगळी, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. लाइमच्या जिवाणूला कवच बदलून पोटातून लाळेत यावे लागते, म्हणून आपल्याला वेळ मिळतो. विषाणूंच्या बाबतीत ही सवलत गृहीत धरता येत नाही. माकडतापाच्याच कुळातला, अमेरिकेत आढळणारा पोवासन विषाणू बाधित गोचिडीकडून प्रयोगात 15 मिनिटांत उंदरात गेलेला आहे. काजूच्या बागेत आणि रानात जाणाऱ्यांनी अंग झाकणे, गोचीडरोधक तेल लावणे आणि घरी आल्याबरोबर आंघोळ करून अंग तपासणे, यावरच भर द्यावा.

आता नातवाविषयी. तुम्ही गोचिडीवर आधी खोबरेल तेल सोडले आणि ती सुटण्याची वाट पाहिली, असे लिहिले आहे. आपल्याकडे तेल, तंबाखू, उदबत्तीचा चटका असे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि तुम्ही ते काळजीपोटीच केले. पण त्यात वेळ जातो, आणि डिवचलेली गोचीड जखमेत आणखी द्रव सोडण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा त्वचेला टेकवून तिला तोंडाजवळ धरावे, न पिळता आणि न चिरडता सरळ वर ओढावे, आणि जागा साबणाने धुवावी. सोंडेचा तुकडा आत राहिला तरी घाबरू नये. लाळग्रंथी आणि आतडे धडात असतात, आणि ते धड बाहेर आलेले असते.

डॉक्टरांना आदल्या आंघोळीची वेळ नक्की सांगा, आणि गोचीड पिशवीत जपून ठेवली असेल तर ती दाखवा, कारण ती चपटी आहे की फुगलेली यावरून तासांचा अंदाज येतो. लाइमबहुल भागात ही गोचीड 36 तास वा अधिक चिकटलेली असेल, तर काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देण्याचा विचार करतात. मुलांना तो वजनाप्रमाणे देतात, आणि तो द्यायचा की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. लगेच रक्ततपासणीचा आग्रह धरू नका. प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आजची तपासणी खोटा दिलासा देईल.

गुडघ्यामागे पहिल्या दिवशीच दिसलेला नखाएवढा लाल ठिपका बहुधा लाळेवरची प्रतिक्रिया आहे आणि तो एक-दोन दिवसांत ओसरतो. जिवाणूमुळे येणारा चट्टा 3 ते 30 दिवसांनी उमटतो, दिवसागणिक रुंदावत जातो, बहुधा खाजत किंवा दुखत नाही, आणि बाधितांपैकी 70 ते 80 टक्के लोकांमध्ये दिसतो. उद्यापासून महिनाभर रोज आंघोळीच्या वेळी त्या जागेभोवती पेनाने कडा आखा आणि फोटो काढून ठेवा. लाली आखलेल्या रेषेबाहेर गेली, किंवा चट्टा नसतानाही ताप, अंगदुखी अथवा चेहऱ्याची एक बाजू सैल पडल्यासारखी दिसली, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या.